पंडिता रमाबाई : उतरत्या उन्हातील कृतज्ञता

लोणी (ता. आंबेगाव), प्रतिनिधी

आंबेगाव तालुक्याचा पश्चिम भाग सह्याद्रीच्या कुशीत चिंब भिजतो. पूर्वेकडे लोणी-धामणीच्या पट्ट्यात मात्र पाऊस हात आखडता घेतो. येथील शेतकऱ्याला दुष्काळ म्हणजे काय, हे पुस्तकातून शिकावे लागत नाही. विहिरीचा तळ दिसू लागला, की घरातील वडीलधारी माणसे मागच्या दुष्काळांचे हिशेब काढू लागतात. याच पुणे जिल्ह्यात, घोड नदीचे पाणी ज्या भीमेला जाऊन मिळते त्या भीमेच्या पलीकडे, दौंड तालुक्यातील केडगाव येथे एका विदुषीने दुष्काळाच्या तोंडातून काढून आणलेल्या मुलींसाठी घर उभारले. तिलाही दुष्काळानेच पोरके केले होते. तिचे नाव पंडिता रमाबाई.

रमाबाईंचे नाव निघाले, की आपल्यासमोर उभी राहते ती कलकत्त्याच्या विद्वत्सभेला थक्क करणारी तरुणी, नाही तर पुण्यात वादळ उठविणारी शारदा सदनाची संस्थापिका. त्यांच्या आयुष्यातील अखेरची पंचवीस वर्षे मात्र या झगमगाटाआड राहून गेली. केडगावच्या माळरानावर, बहिरेपण आणि आजारपण सोसत, हिब्रू व ग्रीक भाषांचे कोश उघडून बसलेल्या या वृद्धेला आपण फारसे ओळखत नाही. आई-वडील, बहीण, भाऊ, पती आणि शेवटी एकुलती एक मुलगी, असे सर्वच हिरावले गेलेल्या या स्त्रीच्या उत्तरायुष्याचा स्थायिभाव तक्रारीचा नव्हता, तर कृतज्ञतेचा होता. ही कृतज्ञता तिला कोठून लाभली, याचा शोध घेणे म्हणजेच रमाबाईंचे चरित्र वाचणे होय.

अरण्यातील पाठशाळा

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी पश्चिम घाटातील गंगामूळच्या अरण्यात झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे वेदशास्त्रसंपन्न ब्राह्मण. आचाराने कर्मठ असले, तरी स्त्रियांना संस्कृत शिकविले पाहिजे, हा त्यांचा आग्रह होता. पत्नी लक्ष्मीबाईंना त्यांनी स्वतः शिकविले. त्यामुळे स्वकीयांचा रोष ओढवला आणि शास्त्रीबुवांनी अरण्यात आश्रम थाटून अध्यापन सुरू केले. पुढे द्रव्य संपले, कर्ज झाले आणि हे कुटुंब तीर्थयात्रेला निघाले. मंदिरांच्या ओवऱ्यांत पुराणे सांगायची आणि मिळेल त्या शिध्यावर गुजराण करायची, असा क्रम वर्षानुवर्षे चालला. वडील थकले होते, म्हणून धाकट्या रमेला आईने शिकविले. दिवसभर प्रवासाची आणि स्वयंपाकाची दगदग. म्हणून पहाटेच्या काळोखात मुलीला जागे करून आई तिच्याकडून श्लोक पाठ करून घेई.

१८७० नंतरच्या दशकातील दुष्काळाने या कुटुंबाचा घास घेतला. अंगावर शिल्लक होते ते विकून संपले, झाडपाल्यावर दिवस काढावे लागले. १८७४ मध्ये अनंतशास्त्री गेले. पाठोपाठ आई आणि थोरली बहीणही गेली. उरली दोन भावंडे, श्रीनिवास आणि रमा. अनवाणी, अर्धपोटी, त्यांनी भारतभर हजारो मैल पायपीट केली. थंडीच्या रात्री नदीकाठच्या वाळूत खड्डा खणून अंगावर वाळू ओढून घ्यावी लागे, असे त्या दिवसांचे वर्णन पुढे रमाबाईंनीच केले आहे.

१८७८ मध्ये ही भावंडे कलकत्त्यास पोहोचली. तेथील पंडितांनी रमाबाईंची परीक्षा घेऊन त्यांना पंडिता आणि सरस्वती या पदव्यांनी गौरविले. मात्र सुखाचे दिवस अल्पच ठरले. १८८० मध्ये भाऊ गेला. त्याच वर्षी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी त्यांनी नोंदणी पद्धतीने विवाह केला. पती ब्राह्मणेतर होते, त्यामुळे या विवाहाने मोठी खळबळ उडाली. आसामातील सिल्चर येथे त्यांचा संसार जेमतेम रुजला, मुलगी मनोरमा जन्मली आणि फेब्रुवारी १८८२ मध्ये पटकीने पती दगावले. वयाच्या चोविसाव्या वर्षाच्या आतच रमाबाई वैधव्याचे दुःख घेऊन, तान्ह्या मुलीसह एकाकी झाल्या.

श्रद्धेचा दीर्घ शोध

१८८२ मध्ये रमाबाई पुण्यास आल्या. आर्य महिला समाजाची स्थापना, 'स्त्रीधर्मनीति' या पुस्तकाचे प्रकाशन आणि हंटर आयोगापुढील साक्ष, ही सर्व कामे त्यांनी एकाच वर्षात केली. स्त्रियांना स्त्री डॉक्टर आणि स्त्री शिक्षिका मिळाल्या पाहिजेत, हे त्यांचे म्हणणे होते. स्वतः वैद्यकीचे शिक्षण घ्यावे, या हेतूने १८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या. वाढत्या बहिरेपणामुळे तो हेतू तडीस गेला नाही.

ख्रिस्ती धर्माची पहिली चाहूल त्यांना सिल्चरच्या घरातच लागली होती. पतीच्या पुस्तकांत लूककृत शुभवर्तमानाची बंगाली प्रत त्यांच्या हाती पडली होती. पुण्यात स्वतः ख्रिस्ती झालेले विद्वान पंडित नीलकंठशास्त्री गोरे, म्हणजेच फादर नेहेम्या गोरे, यांच्याशी चर्चा झाल्या. निर्णायक ठरला तो मात्र लंडनमधील एक अनुभव. वाँटेजच्या धर्मभगिनी फुलहॅम येथे समाजाने टाकून दिलेल्या स्त्रियांसाठी आश्रम चालवीत असत. ज्या स्त्रीला आपल्याकडे कोणी उंबऱ्यावर उभे करणार नाही, तिला येथे मायेने पुन्हा उभे केले जाते, हे पाहून रमाबाई हेलावल्या. या करुणेचा उगम शोधताना त्यांना येशू आणि शोमरोनी स्त्री यांच्या भेटीची कथा सांगितली गेली. २९ सप्टेंबर १८८३ रोजी वाँटेज येथे त्यांनी मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला.

तथापि धर्म स्वीकारला म्हणून त्यांनी आपली बुद्धी कोणाच्या स्वाधीन केली नाही. सिस्टर जेराल्डिन या त्यांच्या गुरुमातेसमान होत्या. तरीही धर्मसिद्धान्तांवरून त्यांच्याशी रमाबाईंचा प्रदीर्घ पत्रसंवाद आणि वादही झाला. पुढे ग्रंथरूपाने प्रसिद्ध झालेली ही पत्रे वाचताना लक्षात येते, की एका सत्तेतून सुटून दुसऱ्या सत्तेखाली जाण्यास ही स्त्री तयार नव्हती. तिने मांसाहार कधीच केला नाही. पांढरी साधी साडी अखेरपर्यंत सोडली नाही.

पुढे त्यांनी स्वतःच्या श्रद्धेचे दोन टप्पे मानले. १८८३ मध्ये आपल्याला धर्म गवसला, तो बुद्धीला पटला; पण ख्रिस्ताशी जिवाचे नाते जडले ते आणखी आठ वर्षांनी, १८९१ च्या सुमारास, अशी त्यांची धारणा होती. बाप्तिस्म्याच्या वेळी पदरात पडलेली गोष्ट अंतःकरणात उतरायला एवढा काळ लागला, हे त्यांनी न संकोचता लिहून ठेवले आहे.

कृतघ्नपणाचा आरोप

१८८६ मध्ये आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी रमाबाई अमेरिकेस गेल्या. तेथे त्यांनी उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवर इंग्रजीत ग्रंथ लिहिला, शेकडो व्याख्याने दिली. त्यांच्या कार्याला दहा वर्षे साह्य करण्यासाठी बोस्टन येथे रमाबाई असोसिएशन स्थापन झाली. मायदेशी परतल्यावर ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत त्यांनी विधवांसाठी शारदा सदन सुरू केले आणि पुढील वर्षी ते पुण्यास हलविले. सदनातील पहिल्या विधवा विद्यार्थिनी गोदूबाई. १८९३ मध्ये त्यांचा धोंडो केशव कर्वे यांच्याशी पुनर्विवाह झाला. महर्षी कर्वे यांच्या पुढील संस्थांमागे ज्या अनेक प्रेरणा होत्या, त्यांपैकी एक अशा रीतीने शारदा सदनातून गेली.

त्याच १८९३ मध्ये पुणे पेटले. सदनात धर्मप्रसार होणार नाही, असे वचन होते. रमाबाई आपली प्रार्थना आपल्या खोलीत करीत. पण दार उघडे असे आणि काही मुली येऊन बसत. यावर 'केसरी'तून कठोर टीका झाली. सल्लागार मंडळावरील न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे आणि डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांनी राजीनामे दिले. पालकांनी भराभर मुली काढून नेल्या. ज्या समाजाने डोक्यावर घेतले, त्याच समाजाच्या लेखी रमाबाई कृतघ्न ठरल्या.

या प्रसंगी दोन्ही बाजूंना आपापली वेदना होती, हे आज शांतपणे पाहता येते. विश्वासाने मुली पाठविणाऱ्या पालकांना फसगत झाल्यासारखे वाटले, यात नवल नव्हते. आपली श्रद्धा दार लावून लपविणे रमाबाईंना अप्रामाणिकपणाचे वाटले, हेही खरे. या संघर्षाची किंमत मात्र दोघांनाही मोजावी लागली. महाराष्ट्राने आपल्या एका थोर विदुषीकडे पाठ फिरविली आणि रमाबाई आपल्या माणसांपासून दुरावल्या.

पुन्हा दुष्काळ, पण आता हात देण्यासाठी

१८९६-९७ मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडला. बातम्या वाचून रमाबाईंना स्वतःची वीस वर्षांपूर्वीची उपासमार आठवली. दुष्काळात पोरक्या झालेल्या मुलींना कोण गाठते आणि कोठे नेते, हेही त्यांना ठाऊक होते. त्या स्वतः तेथे गेल्या आणि सुमारे ३०० स्त्रिया व मुली घेऊन आल्या. पुण्यात तेव्हा प्लेगची साथ होती. शहरात एवढ्या जणींना ठेवणे शक्य नव्हते. केडगाव येथे रेल्वेमार्गाजवळ सुमारे शंभर एकर जमीन त्यांनी आधीच घेतलेली होती. तेथे तात्पुरत्या झोपड्या पडल्या आणि मुक्ती सदनाचा संसार सुरू झाला. त्याच वर्षी प्लेग रुग्णालयातील स्त्रियांच्या हालांविषयी त्यांनी वृत्तपत्रातून जाहीर पत्र लिहिले. राज्यकर्त्यांचा धर्म तोच आपला धर्म, म्हणून गप्प बसावे, असे त्यांना वाटले नाही.

१८९९-१९०० च्या दुष्काळात गुजरात आणि राजपुतान्यातून आणखी शेकडो मुली आल्या. केडगावची वस्ती सुमारे २,००० वर पोहोचली. एवढ्या जणींसाठी पाणी आणायचे कोठून, हा पहिला प्रश्न. विहिरी खणल्या गेल्या, फळबागा आणि भाजीपाला लावला गेला. दुष्काळात त्या विहिरींनी साथ दिली, याला रमाबाई देवाची कृपा मानत. कोरडवाहू गावात राहणाऱ्या वाचकाला ही कृतज्ञता वेगळी समजावून सांगावी लागणार नाही.

मुक्ती सदनात शेती, दूधदुभते, विणकाम, शिवणकाम, तेलघाणा आणि छापखाना असे उद्योग मुलीच चालवीत. समाजाने टाकलेल्या स्त्रियांसाठी कृपा सदन, वृद्ध व अपंग स्त्रियांसाठी प्रीती सदन, तसेच अंध मुलींसाठी वेगळे सदन अशी रचना उभी राहिली. मनोरमा अमेरिकेत शिकत असताना ब्रेल लिपी शिकून आली होती. तिने अंध मुलींना वाचायला शिकविले. लंडनच्या फुलहॅममध्ये जे पाहून रमाबाईंचे मन पालटले होते, ते कृपा सदनाच्या रूपाने केडगावच्या मातीत रुजले. मिळालेल्या दयेची परतफेड त्यांनी अशी केली.

केडगावची संस्था उघडपणे ख्रिस्ती होती आणि अनेक मुलींनी त्या धर्माचा स्वीकार केला. त्यावर टीका होत राहिली. १९०५ मध्ये मुक्ती सदनात प्रार्थनेची मोठी लाट उसळली. तिची वार्ता देशोदेशींच्या ख्रिस्ती मंडळींत पोहोचली. रमाबाईंना मात्र केडगावात पाश्चात्त्य पद्धतीचे चर्च आणायचे नव्हते. मुली जमिनीवर बसून, देशी वाद्यांच्या साथीने, मराठीतून भजने गात.

अक्षय ठेव्याची साक्ष

१९०७ मध्ये, वयाच्या एकोणपन्नासाव्या वर्षी, रमाबाईंनी आपल्या श्रद्धेची साक्ष इंग्रजीत लिहिली. आपल्याला लाभलेला ठेवा कधीही न सरणारा आहे, अशा अर्थाचे शीर्षक त्यांनी तिला दिले. ज्यांच्या धर्ममार्गापासून त्या दूर गेल्या होत्या, त्या आई-वडिलांचे स्मरण या साक्षीत अपार आदराने येते. पहाटे शिकविणारी आई आणि समाजाचा रोष पत्करून मुलीला विद्या देणारा बाप यांना त्या विसरल्या नाहीत. जुन्या शास्त्रांनी स्त्रीला नाकारलेल्या अधिकाराबद्दल त्या परखडपणे लिहितात, पण ज्या मातापित्यांनी ती शास्त्रे शिकविली त्यांच्याविषयी एकही कडू शब्द लिहीत नाहीत.

रमाबाईंच्या उत्तरायुष्यातील कृतज्ञतेचे वेगळेपण येथे आहे. त्यांना भोगावे लागले नाही, म्हणून त्या कृतज्ञ होत्या असे नव्हे. भूक, पायपीट, वैधव्य आणि लोकनिंदा यांचा त्यांनी कोठेही लोप केला नाही. पण या प्रत्येक वाटेवर आपल्याला कोणीतरी धरून होते, या जाणिवेने त्यांनी मागे वळून पाहिले. त्यामुळे दुष्काळाची आठवण त्यांच्यापाशी हजारो मुलींच्या जेवणाची तजवीज करण्याची प्रेरणा बनून राहिली.

वृद्धापकाळातील विद्यार्थिनी

पन्नाशीच्या उंबरठ्यावर रमाबाईंनी आणखी एक काम अंगावर घेतले. मराठीत बायबलची भाषांतरे होती, पण ती त्यांना सामान्य बाईमाणसाला सहज कळणारी वाटत नव्हती. केडगावच्या मुली शेतकरी, कष्टकरी घरांतल्या. त्यांच्या बोलीला जवळचे असे भाषांतर हवे, शिवाय ते मूळ भाषांवरून हवे, असा त्यांचा निश्चय झाला. त्यासाठी संस्कृतची ही पंडिता हिब्रू आणि ग्रीक शिकू लागली. प्रकृती ढासळत होती, ऐकू येणे जवळजवळ थांबले होते. तरी संस्थेचा व्याप सांभाळून रोज भाषांतराचे पान पुढे सरकत राहिले. असे सुमारे सतरा-अठरा वर्षे चालले.

ज्या शब्दांना जुन्या तत्त्वज्ञानाचा अर्थ चिकटलेला आहे, ते संस्कृत शब्द त्यांनी शक्यतो टाळले. ज्या भाषेतील पांडित्यामुळे त्यांना कीर्ती मिळाली होती, तीच भाषा त्यांनी अशिक्षित वाचकासाठी बाजूला ठेवली. या भाषांतराबद्दल मतभेद आहेत. मूळ शब्दाला धरून राहण्याच्या आग्रहामुळे काही ठिकाणी मराठी अवघडली, असे म्हटले जाते. तरीही एकट्या स्त्रीने मूळ भाषांवरून संपूर्ण बायबल आपल्या मातृभाषेत आणावे, ही घटना असामान्यच होय. छपाईचे कामही केडगावातच झाले. दुष्काळात उचलून आणलेल्या, अक्षरशत्रू असलेल्या मुली आता खिळे जुळवीत होत्या, फर्मे छापीत होत्या, पाने शिवीत होत्या. १९१९ मध्ये सरकारने रमाबाईंना कैसर-ए-हिंद सुवर्णपदक दिले. पण त्यांचा जीव गुंतला होता तो छापखान्यातून येणाऱ्या मुद्रितांत.

शेवटची परीक्षा

मनोरमा ही आईची सावली आणि संस्थेची भावी सूत्रधार. केडगावचे शिक्षणाचे काम तिने सांभाळले, पुढे गुलबर्गा येथेही शाळा काढली. आईच्या मागे सर्व कारभार तीच पाहणार, हे जणू ठरलेलेच होते. पण अतिश्रमाने तिची प्रकृती खालावली आणि जुलै १९२१ मध्ये, वयाच्या चाळिसाव्या वर्षी, ती आईच्या आधी गेली.

रक्ताच्या नात्याचे शेवटचे माणूस गेले. त्रेसष्ट वर्षांच्या या आईने कृतज्ञतेचा आजवर जपलेला धडा आता सोडून दिला असता, तरी कोणी दोष दिला नसता. रमाबाईंनी संस्थेची पुढची व्यवस्था लावली आणि त्या पुन्हा मुद्रिते तपासायला बसल्या. दुःख नव्हते म्हणून नव्हे, तर हातातले काम ही त्यांच्या दृष्टीने ऋणाची परतफेड होती आणि ऋण दुःखामुळे फिटत नाही. अखेरच्या दिवसांपर्यंत ते काम चालले. भाषांतर पूर्ण झाले आणि ५ एप्रिल १९२२ रोजी केडगाव येथे पंडिता रमाबाईंनी देह ठेवला. संपूर्ण बायबल ग्रंथरूपाने बाहेर पडले ते दोन वर्षांनी, १९२४ मध्ये.

मागे उरलेले घर

महाराष्ट्राने रमाबाईंना पुन्हा आपले म्हणायला बराच काळ घेतला. देवदत्त नारायण टिळक यांनी त्यांचे विस्तृत मराठी चरित्र लिहिले. मीरा कोसंबी यांच्यासारख्या अभ्यासकांनी त्यांचे लेखन नव्या पिढीसमोर आणले. १९८९ मध्ये भारतीय टपाल खात्याने त्यांच्या स्मरणार्थ तिकीट काढले. केडगावचे मुक्ती मिशन आजही निराधार स्त्रिया आणि मुलांसाठी काम करीत आहे.

लोणीच्या माळावर उभे राहून पाहिले, तर उन्हात तापलेली तीच जमीन दिसते, जी केडगावपर्यंत पसरत गेली आहे. धर्म कोणताही असो, आयुष्याच्या उतरणीला लागलेल्या प्रत्येकासमोर एक प्रश्न येतोच: जे गेले त्याचा हिशेब मांडत बसायचे, की जे लाभले त्याची परतफेड करायची? रमाबाईंनी आपले उत्तर विहिरी खणून, भुकेल्या मुलींना जेवू घालून आणि एक ग्रंथ आपल्या माणसांच्या भाषेत आणून दिले. पहाटेच्या काळोखात आईने शिकविलेली ती मुलगी अखेरपर्यंत शिकत आणि शिकवीत राहिली. केडगावच्या मातीत ती विसावली, त्याला आता शंभरावर वर्षे लोटली.